स्कायलॅबचे पतन

१९७९ च्या पावसाळ्याच्या तोंडी भारतात घरोघरी एकाच नावाची धास्ती पसरली होती: स्कायलॅब. सुमारे ७७ टनांची ही अमेरिकन प्रयोगशाळा १४ मे १९७३ रोजी अवकाशात गेली आणि जवळजवळ ४३० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला प्रदक्षिणा घालू लागली. तिचे एक मुख्य काम होते सूर्याचे निरीक्षण. त्यासाठी खास दुर्बिणी तिच्यावर बसविल्या होत्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये अखेरचे तीन अंतराळवीर परतले. पुढे नव्या धर्तीचे अवकाशयान जाऊन तिला वर ढकलील, तोवर ती तग धरील, असा हिशेब होता. सूर्य फारसा खवळणार नाही, हे त्यात गृहीत होते!

त्या उंचीवर हवा नसते असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती असते, पण अतिशय विरळ. सौरडाग वाढले की सूर्याचे अतिनील व क्ष-किरण प्रबळ होतात, ही हवा तापते, फुगून वर चढते, आणि उपग्रहाची वाट अडविते. घर्षणाने उपग्रह खाली सरकतो. खाली हवा अधिक दाट, म्हणून घसरण अधिकच वेगाने होते. १९७६ मध्ये सुरू झालेले सौरचक्र अंदाजाहून प्रखर निघाले आणि स्कायलॅबचे आयुष्य झपाट्याने आटत गेले.

११ जुलै १९७९ रोजी ती कोसळली. तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्पेरन्सच्या आसपास पडले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. तिला तारू शकणाऱ्या यानाचे पहिले उड्डाण १२ एप्रिल १९८१ रोजी झाले.