व्यवसायनीती व सामाजिक जबाबदारी (विठ्ठलवाडी परिसर)

व्यवसायनीती व सामाजिक जबाबदारी : नफा मिळवताना कामगार, गिऱ्हाईक, माल पुरवणारे, शेजारी राहणारे आणि हवा-पाणी यांना त्याची झळ लागू न देण्याची बांधिलकी. ‘सचोटी’ हा तिचा मराठीतला जुना शब्द. तो माप, वजन, उधारी आणि दिलेला शब्द यांपुरता होता, कारण पेढीवरचा व्यवहार समोरासमोर चाले. व्यापाऱ्यांच्या वह्यांत धर्मादायाचे वेगळे खाते असे आणि त्यातून पाणपोया, धर्मशाळा, पांजरपोळ चालत. कारखानदारी आली तशी झळ पोचणारी माणसे पेढीपासून लांब गेली. ती ओळखीची नसतानाही त्यांचा विचार करायचा, हा या विषयाचा गाभा आहे.

मुंबईच्या गिरण्यांत हा प्रश्न प्रथम कामगारांनी उभा केला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. व्यवस्थापनशास्त्रात हा विषय त्यानंतर पुष्कळ उशिरा आला. हॉवर्ड बोवेन यांचा व्यावसायिकांच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवरचा ग्रंथ 1953 चा आहे, तर नफा वाढवणे हीच व्यवसायाची जबाबदारी असे मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 मध्ये मांडले. मालक हा संपत्तीचा विश्वस्त आहे, हा गांधीजींचा विचार या दोघांहून निराळा.

भारतात कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 नुसार 1 एप्रिल 2014 पासून ही जबाबदारी आकड्यात बांधली गेली. ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली : दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेला खर्च या 2 टक्क्यांत धरता येत नाही. आपलेच सांडपाणी शुद्ध करणे ही समाजसेवा ठरत नाही. शाळेला बाके देऊन नाल्यात रसायन सोडणाऱ्याचा हिशेब जुळत नाही, हे या नियमाने कागदावर आणले. मात्र हे आकडे विठ्ठलवाडीच्या गल्ल्यांपर्यंत पोचत नाहीत.

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरचे कल्याणनंतरचे पहिले स्थानक. एका अंगाला कल्याण-डोंबिवली महापालिका, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर महापालिका आणि जवळून वाहणारी वालधुनी नदी, अशी या भागाची बैठक आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. हाती भांडवल नसलेल्या माणसांनी तिथे लहान लहान धंदे उभे केले. जीन्सचा धंदा त्यांतूनच वाढला आणि उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातील बाजारातून माल देशभर जाऊ लागला. या उद्यमशीलतेचे कौतुक करावे तेवढे थोडे. पुढे जे घडले ते म्हणूनच अधिक बोचते.

एक जीन्स अनेक हातांतून जाते. व्यापारी कापड घेतो. कटिंग एकीकडे होते आणि शिलाई जॉबवर्कवर दुसरीकडे. धागे कापण्याचे काम नगावर घरोघरच्या बायकांकडे जाते. शिवून आलेली पँट ताठ आणि गडद निळी असते. तिला मऊपणा आणि फिकट रंग आणण्यासाठी ती ‘वॉशिंग’ला पाठवतात. तिथे मोठ्या फिरत्या ड्रममध्ये एन्झाइम, ब्लीच, प्यूमिस दगड वापरतात, काही ठिकाणी पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारतात आणि पुन्हा पुन्हा पाण्याने खंगाळतात. निळीचा रंग, खळ, तंतू आणि रसायने या पाण्यात उतरतात. शुद्धीकरणाला खर्च येतो, आणि धुलाईचा नगावर ठरलेला दर तो खर्च सोसण्याइतका नसेल, तर पाणी नाल्याची वाट धरते. दर ठरवणारा व्यापारी, पण नाल्याशी सापडतो तो धुलाईवाला. जबाबदारी जॉबवर्कबरोबर खाली सरकत जाते. नफा मात्र तितका खाली सरकत नाही. प्रस्तुत विषयाची इथली खरी गाठ हीच आहे.

वालधुनी काकोळ्याच्या डोंगराळ भागातून येते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने तिच्यावर बांधलेला तलाव आजही जीआयपी टँक म्हणून ओळखला जातो. शके 982 मधील (इ. स. 1060) अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून ती उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण असा प्रवास करून उल्हास खाडीला मिळते. वाटेत तिच्यात कारखान्यांचे आणि घराघरांचे सांडपाणी मिसळते. नोव्हेंबर 2014 मध्ये टँकरमधून आणलेले रसायन रात्री नदीत ओतल्याने विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास, मळमळ होऊन रुग्णालयात न्यावे लागले. ते नदीकाठी झोपलेले शेजारी होते. त्या रसायनाच्या व्यवहाराशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ ही संस्था राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जुलै 2015 मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठाने सुमारे 95 कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. या आदेशाच्या कक्षेत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांबरोबर स्थानिक नगरसंस्थाही होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. मैला प्रक्रियेविना सोडणारी नगरपालिकाही प्रदूषकच. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वेल्लोर खटल्यात मान्य केले होते आणि तो खटलाही चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा होता. वालधुनीचे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतरच्या वर्षांत उल्हासनगरातील जीन्स धुलाईच्या कारखान्यांची वीज व पाणी तोडून ते बंद करण्यात आले. अनेक धुलाईवाल्यांनी अंबरनाथ व कल्याण तालुक्यांच्या गावांकडे बिऱ्हाड हलवले. कामगारांची रोजी गेली किंवा लांबच्या गावी गेली, आणि धुलाईचा दर कोणी ठरवायचा हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

तमिळनाडूतील तिरुप्पूर या कापडउद्योगाच्या गावाची वाट वेगळी होती. नोय्यल नदीच्या प्रदूषणामुळे मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये तिथले रंगाईचे कारखाने बंद केले. फटका जबर होता. पण राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामायिक केंद्रे सुधारली आणि वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची पद्धत तिथे रुजली. तो खर्च एकेकट्या कारखानदाराला पेलणारा नव्हता. धंद्याने मिळून उचलला म्हणून तो पेलला. बांगलादेशातील राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळून 1,100 हून अधिक कामगार मेले, तेव्हाही जगाने हाच प्रश्न विचारला : कपड्यावर ज्याचे नाव, त्याची जबाबदारी शिलाईच्या खोलीपर्यंत जाते की नाही?

जबाबदारीची आणखी एक बाजू पैशाच्या वेळेची आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 नुसार लहान पुरवठादाराचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागते. बिल अडकले की धुलाईवाला रसायनावर नाही, तर सांडपाण्याच्या प्रक्रियेवरच काटकसर करतो. त्यामुळे वेळेवर दिलेला पैसा हाही नदीच्या भल्याचा भाग आहे.

भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. पुढे मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत पुरवठा साखळीची माहितीही विचारात घेतली जाऊ लागली. सूचिबद्ध नसलेल्या व्यापाऱ्याने गल्लीतल्या धुलाईवाल्याकडून धुऊन घेतलेली, बिनब्रँडची जीन्स या अहवालात येत नाही.