एटीव्हीसाठी इंजिन ऑइल कसे निवडावे?

पनवेलहून नेरे, मालडुंगे, धोदाणीच्या बाजूला, माथेरानच्या पायथ्याशी बरीच फार्महाऊस आहेत. त्यांतल्या काहींच्या शेडमध्ये जाड टायरांची, हँडलने चालणारी चारचाकी उभी दिसते. हीच एटीव्ही, म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल. बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे सर्व्हिसिंगसाठी ती चालवत पनवेलला नेता येत नाही. मग ऑइल बदलण्याचे काम जवळच्या मोटारसायकल मेकॅनिककडे किंवा फार्महाऊस सांभाळणाऱ्याकडे येते, आणि शेडमध्ये जो डबा सापडेल तो ओतला जातो. बिघाडाची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

बाटली घेताना सहसा 10डब्ल्यू-40 असा आकडा पाहिला जातो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : या गाडीचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्ये बुडालेला आहे का?

गिअर असलेल्या बऱ्याच एटीव्हींत, तसेच अनेक छोट्या ऑटोमॅटिक गाड्यांतही, मोटारसायकलप्रमाणे इंजिन आणि क्लच यांना एकच ऑइल असते. याला वेट क्लच म्हणतात. क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हाच चाकांना ताकद मिळते. कारच्या काही ऑइलमध्ये इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. कारला ती फायद्याची, पण वेट क्लचमध्ये त्यांच्यामुळे प्लेटा घसरू लागतात. इंजिनचा आवाज वाढतो, गाडी मात्र चढ चढत नाही, आणि घसरून घसरून प्लेटा जळतात.

यासाठी जपानमध्ये 1998 मध्ये जासो टी 903 हे मानक आले. बाटलीच्या मागच्या बाजूला त्याचा छोटा चौकोन असतो. त्यात एमए किंवा एमए2 लिहिलेले असेल तर ते ऑइल वेट क्लचला चालते. एमबी असेल तर ते घर्षण कमी करणारे, म्हणजे मुख्यतः स्कूटरचे ऑइल. गावातल्या दुकानात स्कूटरच्या बाटल्या सहज मिळतात, म्हणून ही चूक होणे अगदी सोपे आहे.

मोठ्या एटीव्हींत बहुधा पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी असते. तिचा पट्टा कोरडा असतो आणि अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइलही वेगळे असते. वेट क्लच नसलेल्या अशा गाड्यांत एमएची सक्ती नसते, पण कंपनीने सांगितलेला दर्जा पाळावाच लागतो. उदाहरणार्थ, पोलारिसच्या अनेक गाड्यांना 5डब्ल्यू-50 लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेले 15डब्ल्यू-40 डिझेल ऑइल शेडमध्ये पडलेले असते, पण मॅन्युअल त्याला परवानगी देत नसेल तर ते ट्रॅक्टरलाच ठेवावे.

आता आकड्यांविषयी. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा ते 100 अंश सेल्सिअसला किती दाट राहते ते. पनवेलच्या हिवाळ्यात 5डब्ल्यू आणि 10डब्ल्यू यांतला फरक फारसा जाणवत नाही, कारण तो शून्याच्या बराच खालच्या तापमानाला दिसतो. इथे दुसरा आकडा महत्त्वाचा. मे महिन्यात हवेवर थंड होणारे इंजिन हळू वेगात चढावर रेटले की ऑइल पातळ होते. मॅन्युअलमधील तापमानाच्या तक्त्यात 20डब्ल्यू-50 दिलेले असेल, तर उन्हाळ्यात ते घ्यायला हरकत नाही. तक्त्यात नसेल तर ‘जाड म्हणजे चांगले’ या समजुतीवर विसंबू नये.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. ओढा पार करताना इंजिनच्या श्वासनळीतून किंवा सैल डिपस्टिकच्या बाजूने पाणी आत शिरू शकते. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर इंजिन सुरू करू नये. कितीही महाग ऑइल असले तरी पाणी मिसळल्यावर ते बेअरिंग वाचवू शकत नाही. ते काढून त्याच दर्जाचे स्वस्त ऑइल भरावे, इंजिन दोन-तीन मिनिटे नुसते चालवून तेही काढावे, आणि मग फिल्टर बदलून नवे ऑइल भरावे. त्यानंतरही रंग दुधाळ राहिला आणि इंजिन पाण्यावर थंड होणारे असेल, तर कूलंटची गळती तपासावी.

पातळी पाहताना गाडी सपाट जागी हवी. काही गाड्यांत डिपस्टिक फिरवून बसवून मोजतात, काहींत नुसती टेकवून. या फरकाने पातळी चुकते. आणि ऑइल बदलण्याचा हिशेब किलोमीटरपेक्षा तासांवर ठेवावा, कारण एटीव्ही तासभर राबूनही थोडेच अंतर कापते. नव्या गाडीचे पहिले ऑइल अनेक कंपन्या 20-25 तासांतच बदलायला सांगतात. चिखल-पाण्यात वापर असेल तर पुढची मुदतही मॅन्युअलमधल्या खडतर वापराच्या रकान्यातून घ्यावी.

काढलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. या भागातले ओहोळ गाढी नदीला मिळतात, त्यामुळे ते शेडमागच्या नाल्यात ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवावे.