दुनळीचा जन्मदाखला

तारापूरचा किल्ला जानेवारी १७३९मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतला. या किनाऱ्याचा शस्त्रांचा इतिहास आपण बहुधा तिथेच थांबवतो. त्याचे एक दुर्लक्षित पान मात्र घराघरांत आहे: रानडुकरांपासून पीक राखायला आजोबांनी घेतलेली परवान्याची दुनळी. पालघर-बोईसरकडे अशी बंदूक पाहायला गेलो की मला हमखास विचारतात, 'हिचा बार काढला तर चालेल का?' उत्तराची सुरुवात इतिहासातून होते.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या उतरवल्या, की खालच्या सपाट भागावर ठसे दिसतात. इंग्रजी बनावटीची असेल तर हाच तिचा जन्मदाखला. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३चे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार उडवत आणि नळी टिकली तरच ठसा मारत. 'नॉट फॉर बॉल' हे शब्द १८७५ ते १८८७ या काळातले. धूरविरहित दारूसाठीचे 'नायट्रो प्रूफ' १८९६च्या नियमांपासून येते. ते नसेल, तर नळी काळ्या दारूपुरतीच तपासलेली समजावी. आजचे काडतूस तिच्यासाठी नाही. नळीवरच्या दमास्कसच्या वळणदार नक्षीवरून निकाल लावू नये, ठसा पाहावा.

पण ठसा ही त्या दिवसाची साक्ष. त्यानंतर कित्येक पावसाळे आणि समुद्राचा खारा वारा नळीने सोसलेला असतो. गंजाचे खड्डे घासून काढले की नळी पातळ होते. बारा बोअरचा मूळ व्यास ०.७२९ इंच, तो दहा हजारांश इंचाहून अधिक वाढला, तर ब्रिटिश नियमांप्रमाणे जुना ठसा बाद ठरतो. अडीच इंची घरात पावणेतीन इंची काडतूस सहज बसते, आणि फसगत तिथेच होते. बार उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळ्या दोरीला टांगून बोटाने वाजवल्यावर आवाज बद्द आला, तर मधल्या पट्टीचा झाळ सुटल्याची शंका घ्यावी.

'आजोबा उडवत होते' हा पुरावा नव्हे. आजोबांचे काडतूस वेगळे होते आणि नळीही तेव्हा जाड होती. भिंतीची जाडी आणि आतला व्यास परवानाधारक कारागिराने मापकाने मोजल्याशिवाय चाप ओढू नये; त्या नळीखाली आपलाच डावा हात असतो. आणि गंज काढण्याच्या नादात ठशांवर कानस फिरवू नये. ते पुसले, तर बंदुकीचा इतिहास जातो आणि तिच्याबद्दलचा इशाराही.