खडकावरची सतरंजी

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेल्या मंडळींनी घरापुढच्या उतारावर निळसर सतरंजी अंथरल्यासारखी एक वनस्पती पाहिली असेल. ते गवत नव्हे, ज्युनिपर आहे. देवदाराच्या दूरच्या नात्यातले. १७९४ साली मोएन्ख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'होरिझोन्टालिस', म्हणजे आडवे, असे नाव दिले.

मेन राज्यातल्या व्हायनलहेवन बेटावर १९१४ साली व्हॅन हायनिंगन या रोपवाटिकावाल्याला त्याचे एक अगदी सपाट, रुपेरी-निळे झाड सापडले. त्याची रोपवाटिका कनेक्टिकटमधल्या विल्टनची, म्हणून हे झाले 'विल्टोनी'. बाजारात त्याला 'ब्लू रग' म्हणतात. बी पेरून हेच रूप मिळेल याची खात्री नसते, म्हणून रोपे फांदीच्या छाटापासून करतात. म्हणजे आज अंगणोअंगणी दिसणारी 'विल्टोनी' ही त्या झाडाची मुलेबाळे नव्हेत, तेच एक झाड आहे! यात धोकाही आहेच. शेंडे करपवणारी बुरशी एकाला बाधली, तर शेजारचे वेगळे निघण्याची आशा नाही.

उंची जेमतेम सहा इंच, पसारा सहा ते आठ फूट. तेव्हा रोपे दाटीने लावू नयेत. ऊन भरपूर हवे आणि पाण्याचा निचरा हवाच. मुळे धरेपर्यंत पाणी द्यावे, नंतर हात आखडता घ्यावा. सततच्या ओलीने मुळे कुजतात. कात्री हिरव्या शेंड्यांपुरतीच चालवावी, कारण जुन्या उघड्या लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही.

शंभराहून अधिक वर्षे झाली, पण त्याची खडकावरची सवय काही सुटलेली नाही.