‘गर्ल’ आणि ‘वुमन’ : अमेरिकन चित्रकथांतील नायिकांचे नामकरण

अमेरिकन चित्रकथांतील अतिमानवी नायिकांची चर्चा बहुधा त्यांच्या वेषापासून सुरू होते आणि पुष्कळदा वेषापाशीच संपते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यांची नावे अधिक बोलकी वाटतात. वेष चित्रकारागणिक बदलतो. नाव दीर्घकाळ टिकते, आणि ते ज्या काळात ठेवले गेले त्या काळाची साक्ष देत राहते.

१९४१ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन ह्यांनी आपल्या नायिकेसाठी ‘सुप्रीमा, द वंडर वुमन’ असे नाव सुचविले. त्यातील ‘सुप्रीमा’ गळाले, ‘वुमन’ राहिले. त्याच वर्षी ‘बुलेटमॅन’ला मिळालेली जोडीदारीण मात्र ‘बुलेटगर्ल’ होती, हे लक्षात घेतले म्हणजे मार्स्टन ह्यांच्या शब्दयोजनेचे महत्त्व कळते. तथापि १९४२ मध्ये वीरांच्या ‘जस्टिस सोसायटी’त प्रवेश मिळाल्यावर ह्याच वंडर वुमनला सेक्रेटरीचे काम देण्यात आले. ते कथानक मार्स्टन ह्यांचे नव्हते.

खरा प्रश्न उभा राहतो तो १९६१ च्या ‘फँटॅस्टिक फोर’पाशी. स्टॅन ली व जॅक कर्बी ह्यांनी निर्मिलेल्या ह्या चौघांत स्यू स्टॉर्म ही ‘इन्व्हिजिबल गर्ल’. तिचा धाकटा भाऊ, वयाने कुमार, तो मात्र ‘ह्यूमन टॉर्च’! १९६५ मध्ये तिचा विवाह झाला, १९६८ मध्ये ती माता झाली. नावातील ‘गर्ल’ मात्र १९८५ पर्यंत हलली नाही. १९६३ च्या ‘एक्स-मेन’मध्येही हाच प्रकार आढळतो. तेथील पाच विद्यार्थ्यांत सर्वांत लहान मुलगा ‘आइसमॅन’, आणि त्याच्याहून मोठी जीन ग्रे ‘मार्व्हल गर्ल’.

अर्थात ‘गर्ल’ हे पद स्वतः दोषी नव्हे. १९५९ ची ‘सुपरगर्ल’ खरोखरच किशोरवयीन होती, आणि तिच्याआधी ‘सुपरबॉय’ आलेला होता. न्यूनत्व उत्पन्न होते ते शेजारच्या ‘मॅन’मुळे. (आपल्या ‘वीरांगना’ ह्या समासाचा ‘वीराची स्त्री’ असाही विग्रह करता येतो, हे येथे सहज आठवते.)

पुढील बदल सर्वस्वी विचारपरिवर्तनातून घडला असे मानणे भाबडेपणाचे होईल. १९७७ ची ‘स्पायडर-वुमन’ आणि १९८० ची ‘शी-हल्क’ ह्यांच्या जन्मामागे, ही नावे दुसऱ्या कोणी बळकावू नयेत, हा व्यापारी हेतू प्रबळ होता. ‘मिझ मार्व्हल’ची कथा मात्र वेगळी आहे. विवाहित-अविवाहित हा भेद न दर्शविणारी ‘मिझ’ ही उपाधी स्त्री-चळवळीने रूढ केली. त्याच नावाच्या मासिकाच्या १९७२ मधील पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर वंडर वुमन होती. चळवळीने चित्रकथेकडून प्रतिमा घेतली, आणि १९७७ मध्ये चित्रकथेने चळवळीकडून शब्द घेतला.

२०१२ मध्ये कॅरोल डॅन्व्हर्स हिने ‘मिझ मार्व्हल’ टाकून ‘कॅप्टन मार्व्हल’ हे लिंगनिरपेक्ष नाव धारण केले. २०१४ पासून ‘मिझ मार्व्हल’ ह्या नावाने स्वतंत्र मालिकेत आली ती कमला खान : जर्सी सिटीतील पाकिस्तानी कुटुंबातली, सोळा वर्षांची शाळकरी मुलगी.