दिलेली बाहुली, घेतलेली बाहुली

मुलीचे बोट धरून महागड्या बाहुलीच्या दुकानात जाणे ही वरकरणी निव्वळ खरेदीची गोष्ट. अमेरिकेत मात्र या खरेदीला बालवाङ्मयाच्या इतिहासाची एक बाजू आहे. तीच आम्हांला येथे पाहायची आहे.

प्लेझंट रोलंड या पूर्वाश्रमीच्या शिक्षिकेने १९८६ साली विस्कॉन्सिन राज्यात 'अमेरिकन गर्ल' बाहुल्यांचा आरंभ केला. नात्यातल्या मुलींसाठी नाताळची भेट शोधताना बाजारातल्या बाहुल्यांनी तिचे समाधान झाले नव्हते. अठरा इंची तीन बाहुल्या तिने काढल्या: १८५४ ची स्वीडिश स्थलांतरित कर्स्टन, १९०४ ची सधन घरातली अनाथ समँथा आणि १९४४ ची, महायुद्धाच्या सावलीत वाढणारी मॉली. प्रत्येकीची कथामाला होती. या बाहुल्या टपालाने घरी येत. इतिहास वाचायचा आणि मग त्याच्याशी खेळायचे, अशी मूळ कल्पना.

या कथांमध्येही बाहुल्या आहेत, हे विशेष लक्षणीय. समँथाचा जीव दुकानाच्या काचेआडच्या एका महागड्या बाहुलीवर जडतो. आजीकडून ती मिळते. पण शेजारच्या घरी राबणाऱ्या नेलीकडे एकही बाहुली नाही हे कळल्यावर समँथा ती तिला देऊन टाकते. १९९३ मध्ये आलेली अ‍ॅडी ही या मालेतली पहिली कृष्णवर्णीय नायिका. कॉनी पोर्टर यांनी लिहिलेल्या तिच्या कथेत अ‍ॅडी आईबरोबर गुलामगिरीतून पळून जाते, तेव्हा आपली चिंध्यांची बाहुली मागे राहणाऱ्या तान्ह्या बहिणीपाशी ठेवते. दोन्ही कथांत बाहुलीचे मोल तिच्यापासून दुरावताना ठरते.

१९९८ मध्ये बार्बीची निर्माती मॅटेल हिने हा व्यवसाय सुमारे सत्तर कोटी डॉलरना घेतला. त्याच वर्षी शिकागोत पहिले दुकान उघडले. अशा दुकानांत बाहुलीची केशरचना होऊ लागली, तिच्यासाठी रुग्णालय आले आणि उपाहारगृहात तिला वेगळी खुर्ची मिळाली. दरम्यान, १९९५ पासून मुलीला स्वतःसारखी दिसणारी आधुनिक बाहुलीही निवडता येत होती. दुसऱ्या काळातल्या, दुसऱ्या परिस्थितीतल्या मुलीला भेटण्याऐवजी आरशात पाहण्याची ही सोय होती. २००९ मध्ये तर काही काळ बेघर राहिलेल्या ग्वेनची बाहुली ९५ डॉलरना विक्रीस आली. बेघरपणाची कथा सांगणारी वस्तू बेघर मुलीला कधीच परवडणार नव्हती. हा विरोधाभास तेव्हा वृत्तपत्रांतून गाजला.

तरीही या साऱ्याला केवळ बाजार म्हणून निकालात काढणे आम्हांला योग्य वाटत नाही. बाहुली महाग होती, पण पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयात मिळत होते. ज्या मुलीच्या घरी बाहुली येणे शक्य नव्हते, तिलाही अ‍ॅडी वाचनातून भेटू शकत होती. खरी हानी किमतीत नाही, ती क्रमात आहे. कथेमुळे बाहुली हवीशी वाटावी, अशी मूळ योजना. पुढे बाहुलीसोबतची एक वस्तू एवढेच स्थान पुस्तकाला उरत गेले.

म्हणून मुलीला अशा दुकानात नेणाऱ्या पालकांना आम्ही एवढेच सुचवू: आधी समँथाची गोष्ट वाचावी. काचेआडच्या बाहुलीकडे पाहताना मग तिला नेलीही आठवेल.