प्रोटॉनांच्या टकरींतील जड कणांचा शोध : एका न सापडलेल्या कणाचा इतिहास

प्रस्तावना
विज्ञानाचा इतिहास बहुधा यशस्वी शोधांच्या अंगाने लिहिला जातो. ज्या शोधातून काही हाती लागले नाही, त्याला त्यात क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रसंगाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका
जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८३ मध्ये प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांच्या टकरींतून डब्ल्यू व झेड हे कण सापडले. १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत टॉप क्वार्कचा शोध लागला. सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये हिग्ज बोसॉनची अंधुक चाहूल डिसेंबर २०११ मध्ये लागली. अधिक माहिती जमा झाल्यावर ती दृढ झाली व ४ जुलै २०१२ रोजी शोधाची घोषणा झाली. या सर्व कणांची जागा स्टँडर्ड मॉडेल या सिद्धान्तात आधीच ठरलेली होती. त्यापलीकडील नवा जड कण शोधणे हे पुढचे उद्दिष्ट होते.

शोधाची पद्धती
जड कण निर्माण होताच विघटित होतो. त्यातून निघालेल्या दोन फोटॉनांची ऊर्जा व दिशा मोजून मूळ कणाचे वस्तुमान काढता येते. एकाच वस्तुमानाशी अशा जोड्या अपेक्षेपेक्षा अधिक आढळल्यास आलेखात उंचवटा दिसतो.

७५० चा उंचवटा
२०१५ मध्ये टकरींची ऊर्जा १३ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट करण्यात आली. १५ डिसेंबर २०१५ रोजी अॅटलास व सीएमएस या दोन स्वतंत्र प्रयोगगटांनी ७५० गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास फोटॉनजोड्यांचे आधिक्य दाखविले. सीएमएसमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग आहे. अॅटलासचे आधिक्य ३.६ सिग्मा, तर सीएमएसचे २.६ सिग्मा होते. परंतु विस्तृत पट्ट्यात शोध घेतल्यास कोठेतरी योगायोगाने उंचवटा दिसण्याची शक्यता वाढते. ती हिशेबात घेता हे आकडे अनुक्रमे सुमारे २ व १.२ वर आले. शोधाचा मान्य निकष ५ सिग्मांचा आहे. त्यामुळे दोन्ही गटांनी शोधाचा दावा केला नाही. तथापि २०११ चा अनुभव ताजा होता. काही महिन्यांतच या संभाव्य कणावर सुमारे ५०० सैद्धान्तिक निबंध लिहिले गेले.

कण खरा असता, तर माहितीबरोबर उंचवटाही वाढला असता. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागो येथील परिषदेत सुमारे चौपट नवी माहिती मांडण्यात आली, तेव्हा तो नाहीसा झाला होता. ते केवळ सांख्यिकीय चढउतार होते.

निष्कर्ष
२०११ व २०१५ या दोन्ही वर्षी प्रारंभीचा पुरावा जवळपास सारखाच दुबळा होता. त्यांपैकी कोणता खरा, हे पुराव्याकडे पाहून सांगता येत नव्हते. ज्या निकषाने हिग्जला मान्यता दिली, त्याच निकषाने ७५० च्या कणाला ती नाकारली. उत्सुकतेपोटी तो शिथिल केला असता, तर हिग्जच्या शोधाचीही विश्वासार्हता उणावली असती. म्हणूनच संशोधनातील नकारात्मक निष्कर्षाची नोंद यशाइतक्याच काळजीने होणे आवश्यक आहे.